दुखतं का, एवढंच

६ ऑगस्ट

बाबा,

मायना काय घालावा याचा विचार करत बसले असते तर पत्र राहूनच गेलं असतं, म्हणून नुसतं बाबा.

सकाळी दार ढकलून तुम्ही आत आलात तेव्हा मी हात पुसत होते. मान वर केली आणि टॉवेल हातातच राहिला. चार वर्षांनी बाप समोर येतो तेव्हा काहीतरी घडेल असं वाटतं माणसाला. काही घडलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग भिंतीवरची पाटी वाचलीत, ‘तपासणीच्या वेळी मॅडमशी औषधाबद्दल किंवा तब्येतीबद्दल बोलू नये.’ मग खुर्चीवर बसलात आणि दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवलेत, गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर मोडका चष्मा ठेवायचं तसे.

इथे सांधेदुखीच्या नव्या इंजेक्शनची चाचणी चालू आहे हे बाहेरच्या सिस्टरने तुम्हाला सांगितलंच असेल. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक, ना आम्हाला. त्यात माझं काम सगळ्यांत खुळं. मी सांधे दाबते. बोटं, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे. दाबायचं आणि विचारायचं, ‘दुखतं का?’ समोरच्याने हो किंवा नाही म्हणायचं. दुखणं पेशंटच्या तोंडून, सूज माझ्या बोटांनी. याउपर एक शब्द नाही. कसे आहात, झोप लागते का, इंजेक्शननंतर काही झालं का, असलं काही विचारायचं नाही, कारण त्यावरून मला सुगावा लागेल की याला खरं औषध मिळतंय, आणि मग माझी बोटं पक्षपात करायला लागतील. पेशंट मला ‘मुकी मॅडम’ म्हणतात. मला, बरं का. हिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचाय, असं तुम्हीच म्हणायचात ना?

मी तेव्हाच्या तेव्हा उठून मोठ्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं की हे माझे वडील आहेत, यांना दुसऱ्या कुणीतरी तपासा. नियमच आहे तसा. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, फाइलवर तुमचा नुसता नंबर, त्यामुळे आपण होऊन सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. उठणारच होते. पण तुम्ही हात पुढे केलेले होते.

काय झालंय हो हातांचं? बोटं एका बाजूला कललीत. याच बोटांनी तुम्ही चष्म्याचे तिळाएवढे स्क्रू फिरवायचात. एखादा निसटला की तुम्ही, आई आणि मी, तिघं दुकानाच्या फरशीवर रांगायचो. लहान, आणि नको तेव्हा हरवणारी, म्हणून माझंही नाव तुम्ही स्क्रूच ठेवलं होतं.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला आले, विचारलं, तुम्ही ‘हो’ म्हणालात. मी झटकन हात काढला. सवयच आहे, हो आलं की पुढचा सांधा.

हे पत्र टाकायचं नाहीये. चाचणीतल्या पेशंटशी बाहेर संबंध ठेवायला बंदी आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही अजून ताठा आहे. आईला ताप होता तेव्हा मी रोज फोन करत होते आणि तुम्ही रोज म्हणत होतात, ‘काही नाही, साधा ताप आहे.’ मी पोचले तेव्हा तिची छाती भरली होती. ती गेल्यावर सगळे नातेवाईक बसलेले असताना मी म्हटलं होतं की आईला तापाने नाही मारलं, तुमच्या ‘काही नाही’ने मारलं. तुम्ही त्यावरही काही बोलला नाहीत. तेव्हापासून आपलं हे असं.

३ सप्टेंबर

बाबा,

आज एकही ‘हो’ नाही. उजवा अंगठा दाबला, नाही. मनगट, नाही. ज्या मधल्या बोटावर गेल्या वेळी कळवळला होतात तेही, नाही. इतका स्वच्छ पेशंट मी या चाचणीत पाहिला नाही. सूजही उतरलेली वाटली. मला मनातल्या मनात हसू फुटत होतं आणि चेहरा मात्र मुक्या मॅडमचा ठेवायचा होता, म्हणजे बघा काय हाल.

मला कळायला नको, पण कळलंच. तुम्हाला खरं औषध मिळतंय. चला, आयुष्यात एकदा तरी आपल्या घराला सोडतीत बक्षीस लागलं.

मी या वेळी घाई केली नाही. प्रत्येक सांध्यावर जितकं थांबायला हवं तितकं थांबले, थोडं जास्तच. तुम्ही सारखे माझ्या चष्म्याकडे बघत होतात. डावी काडी ढिली झालीय, माहीत आहे मला. सहा महिने झाले, कुठल्याही दुकानात दोन मिनिटांचं काम आहे. जात नाही कुठल्या दुकानात. का ते तुम्हीच ओळखा.

तुम्ही बाहेर पडल्यावर सिस्टर म्हणाली, ‘तुमचे ते चष्मेवाले आजोबा भारी आहेत हो. घराजवळच्या केंद्रात नाव घालून देते म्हटलं, दोन बस बदलून कशाला येता? तर म्हणाले, इथलंच बरं आहे.’ मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना सवय लागते जागेची.

१ ऑक्टोबर

बाबा,

आता मी तुमच्या तारखेची वाट बघते. आदल्या दिवशी केस धुते, काय सांगायचं. तपासणीच्या खोलीत कोण बघणार आहे माझे केस?

आज गंमत केली. ‘दुखतं का’ प्रत्येक वेळी वेगळ्या सुरात विचारलं. अंगठ्याला विचारलं ते म्हणजे, बाबा, जेवता ना वेळेवर? मनगटाला म्हणजे, दुकान अजून उघडता का? गुडघ्याला म्हणजे, जिना कसा चढता? तुम्हाला कळलं असावं. गुडघ्याच्या वेळचं ‘नाही’ जरा लांबलं आणि मिशीच्या खाली काहीतरी हाललं. दोन शब्दांत इतकं बोलणारी माणसं आपण, एका घरात होतो तेव्हा काय करत होतो कोण जाणे.

सूज निम्म्यावर आलीय. माझी बोटं तसं सांगतात आणि तसंच मी लिहिते.

चाचणी मार्चमध्ये संपेल. मग नियम संपला. मग मी सरळ घरी येणार, बेल वाजवणार. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. आईबद्दल मी तुमच्यावर आरोप केला, पण मला का कळवलं नाहीत हे कधी विचारलंच नाही. ते विचारेन म्हणते. भांडायला नाही, नुसतं विचारायला.

२९ ऑक्टोबर

बाबा,

आज फार लिहीत नाही.

सर्दीतापाची साथ आहे सगळीकडे. निम्मा स्टाफ नाक पुसत फिरतोय. बाहेर मोठा फलक लावलाय, ‘ताप, खोकला असेल तर आधी सांगा.’ कारण हे औषध सूज उतरवतं ते शरीराच्या पहारेकऱ्याला डुलकी लावून. घरात ताप शिरायला तेवढीच फट पुरते. म्हणून ताप असलेल्या पेशंटला त्या वेळी इंजेक्शन देत नाहीत, तपासणीही करत नाहीत, तापावरचे उपचार सुरू करून, पुढची तारीख देऊन घरी पाठवतात.

तुमचे हात गरम होते.

आता सुजलेला सांधा गरम लागतोच, त्यात नवल नाही. काउंटरवर सगळ्यांचा ताप बघतात, तुमचाही बघितला असणारच. असता तर आत पाठवलंच नसतं. आणि मी तब्येतीचं विचारू शकत नाही. नियम नियम असतो. मी विचारलं ते एवढंच, दुखतं का, आणि तुम्ही म्हणालात नाही, आणि एकदा तोंडावर रुमाल धरून खोकलात.

जाताना दाराशी थोडं थांबलात. मी मान खाली घालून लिहीत होते.

चला, खूप कामं आहेत.

६ नोव्हेंबर

बाबा,

हे पत्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. आत तुम्हाला ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात फ्लू छातीत उतरला. शेजाऱ्यांनी तुम्हाला आणलं आणि तुमच्या खिशात चाचणीचं कार्ड सापडलं म्हणून आमच्याकडे फोन आला. सिस्टर सांगत आली, ‘अहो, ते चष्मेवाले आजोबा,’ आणि मी तशीच उठले. पायात चपला होत्या की नाही तेही आठवत नाही.

वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, यांना ते इंजेक्शन मिळतंय का ते आधी सांगा, त्यावर पुढचं ठरेल. असं काही झालं तरच, कुणाला काय मिळतंय ते सांगणारा मोहोरबंद आकडा उघडतात. मोठ्या डॉक्टरांनी उघडला. मी शेजारी उभी होते.

पाणी होतं, बाबा. पहिल्या दिवसापासून नुसतं मिठाचं पाणी.

मोठे डॉक्टर माझ्या नोंदींची फाइल चाळत राहिले. मग माझ्याकडे वळले. चांगला माणूस आहे, आवाज चढवत नाही, त्याचाच त्रास होतो.

‘पाण्याने दुखणं थांबलं, हे मी समजू शकतो. पेशंटला वाटतं तसं कधीकधी. पण सूज तुम्ही बघता. तुमच्या नोंदीत निम्मी उतरलीय. मी आत्ता त्यांचे हात बघून आलो. मनगटं टम्म आहेत.’

मी म्हटलं, ‘ते माझे वडील आहेत.’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ‘हे तुम्ही ऑगस्टमध्ये सांगायला हवं होतं.’

हो. ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतं. दहा वर्षं मी या बोटांवर पोट भरतेय. नवीन मुलींना शिकवते की मन बाजूला ठेवा, बोटांना ठरवू द्या. आणि माझ्या स्वतःच्या बोटांनी मला हवं तेच वाचलं. तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि सूज माझ्या हाताखाली विरघळली. तुमच्या सगळ्या नोंदी आता बाद. चाचणीतून मलाही काढलंय, चौकशी होईल, नोकरी राहील की जाईल माहीत नाही. त्याचं मला आत्ता काही वाटत नाहीये. तीन महिने मी भर देऊन दाबत होते, बाबा. सुजलेल्या, विनाऔषधाच्या सांध्यांवर. आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसला होतात.

आता गेल्या पत्रातलं. त्यात मी खोटं लिहिलंय. पाठवायचं नसलेल्या पत्रातसुद्धा खोटं लिहितात माणसं, कमाल आहे. नुसते सांधे गरम नव्हते. तळहात गरम होता, कोपराच्या वरचा दंड गरम होता, तिथे कुठला सांधा? तो ताप होता आणि मला तो पहिल्या बोटालाच कळला. मला तुम्हाला काही विचारायचं नव्हतं. दोन पावलं बाहेर जाऊन सिस्टरला एवढंच म्हणायचं होतं, आजोबांचा ताप परत बघ. त्याला कुठलाच नियम आड येत नव्हता. मी नियमाच्या पदराआड लपले. सिस्टरने ताप मोजला असता, तुम्हाला घरी पाठवलं असतं, आणि माझी महिन्यातली एकच भेट गेली असती. अर्धवट सोडायचे नव्हते मला तुमचे हात. म्हणून मनाशी म्हटलं, काही नाही, साधा ताप असेल.

तुमचेच शब्द, बाबा. ज्या शब्दांसाठी मी तुम्हाला चारचौघांत उभं केलं, तेच शब्द.

नर्स बोलावतेय. आत जाते.

२० नोव्हेंबर

बाबा,

हे पत्र मात्र मी तुमच्या हातात देणार आहे. आधीचीही देईन, सगळी एका गठ्ठ्यात. समोर बसून हे सगळं बोलणं मला जमणार नाही आणि ऐकणं तुम्हाला जमणार नाही, तेव्हा तुम्ही घरी जायच्या आधी लिहून मोकळी होते. पाकिटं चिकटवलेली नाहीत. तुमच्या बोटांना त्रास नको.

काल दुपारी तुमचा ऑक्सिजन काढला. मी स्टुलावर बसले होते. तुम्ही जागे होतात आणि छताकडे बघत होतात. आता ना पाटी, ना नियम, ना कुणी ऐकणारं. शेजारच्या खाटेवरचे काका तर ढाराढूर. आणि आपल्याला एक शब्द सुचेना. तीन महिने दोन शब्दांत बोलत आलो आणि सगळे शब्द मिळाले तर दोघंही मुके. शेवटी तुम्हीच म्हणालात,

‘स्क्रू, तुझा चष्मा ढिला झालाय.’

‘माहीत आहे.’

‘डावी काडी.’

‘माहीत आहे, बाबा.’

‘पहिल्या दिवशीच बघितलं मी. बोलायचं नव्हतं ना तिथे.’

मी म्हटलं, ‘ताप होता तेव्हा काउंटरवर का नाही सांगितलंत?’ सूर भांडणाचाच लागला. काय करू, तोच एक येतो मला.

तुम्ही म्हणालात, ‘गोळी घेऊन आलो होतो. तिथे मोजला तेव्हा उतरलेला होता. आत यायला दोन तास लागले, परत चढला.’

‘अहो, पण का?’

‘सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं. मग तू थेट नोव्हेंबरअखेर.’

मला वाटलं होतं तुम्ही इंजेक्शनसाठी लपवलंत. बोटं सुधारतायत, एक इंजेक्शन कशाला चुकवा, असा म्हाताऱ्याचा हिशेब. सिस्टर घराजवळचं केंद्र देत होती आणि तुम्ही दोन बस बदलून येत होतात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आपण. खाण तशी माती. त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघंही एकाच कारणासाठी तोंड मिटून होतो. दोघांतल्या एकानेही तोंड उघडलं असतं तर तुम्ही आज या खाटेवर नसता. तुमच्याकडे निदान म्हातारपणाची सबब आहे. मी दहा वर्षं हेच काम करते.

मग मी तो दुसरा प्रश्न विचारला. सगळीकडे नाही का म्हणालात? इतकं दुखत असताना?

तुम्ही हात उलटा करून त्याच्याकडे बघितलंत, दुसऱ्याची वस्तू असावी तसं.

‘पहिल्या वेळी हो म्हटलं, तर तू पटकन हात सोडलास.’

बाबा, मी वॉर्डातून उठून बाहेर आले ते रागाने नाही. तुम्हाला तसं वाटलं असेल म्हणून सांगते. जिन्यात उभी राहून पोटभर रडले, तोंड धुतलं आणि परत आले. तोवर तुम्हाला झोप लागली होती. म्हणून हे लिहितेय.

आईबद्दल विचारायचं होतं तेही विचारते, इथेच. तुम्ही तेव्हा मला का नाही कळवलंत? माझी बढतीची परीक्षा होती म्हणून? आई नको म्हणाली म्हणून? की तुम्हालाच खरं वाटत होतं की काही नाही? उत्तर काहीही असलं तरी चालेल. त्या दिवशी मी जे बोलले ते परत घेता येत नाही. चारचौघांत बोलले, तेव्हा चारचौघांसमोर माफी मागायला हवी, पण ते चारचौघं आता कुठेकुठे पांगलेत. एकटीच मागते. चुकले मी, बाबा.

डॉक्टर म्हणतात फुप्फुस पूर्वीसारखं होणार नाही, जिना जपून चढायचा. नव्या औषधाच्या चाचणीत तुम्हाला परत घेणार नाहीत. जुन्याच गोळ्या. म्हणजे हात असेच राहणार, कदाचित अजून कलतील. तिळाएवढे स्क्रू आता होणार नाहीत तुमच्याने, हे तुम्हालाही कळलंय, म्हणून परवा दुकानाची किल्ली तुम्ही उशीखालून काढून माझ्या पर्समध्ये टाकलीत आणि मला वाटलं तुम्ही ती नुसती सांभाळायला देताय. किल्ली मी ठेवून घेते. दुकान विकणार नाही. रविवारी उघडू, मी झाडून घेईन. तिथला बारीक स्क्रूड्रायव्हर मला द्या आणि कसा धरायचा ते खुर्चीत बसून सांगा. डावी काडी मी तुमच्या हाताखालीच बसवणार. पडला स्क्रू तर मी रांगेन, तुम्ही बसून रहा.

औषधाच्या वेळा कागदावर लिहून कपाटाच्या दारावर लावल्यात. ताप आला, खोकला आला, जिन्यात दम लागला तर त्या क्षणी फोन करायचा. माझी सुट्टी, माझी नोकरी, माझी झोप, कशाचाही विचार करायचा नाही. ‘काही नाही’ हे दोन शब्द आजपासून आपल्या घरात बंद, तुम्हाला आणि मलाही.

उद्या न्यायला येते. आले की आधी तुमचे हात हातात घेणार आहे. नोकरी म्हणून नाही. दुखतं का विचारेन. खरं काय ते सांगा. हो म्हणालात तरी मी हात सोडणार नाही.

तुमची,
स्क्रू